बाबांची न झालेली लॉर्डकी

त्या इतिहासात जर्मन फौज केंटच्या किनाऱ्यावर उतरू शकते. राजा कॅनडाला जाऊ शकतो. पार्लमेंट यॉर्कच्या एका शाळेत भरू शकतं आणि लंडनजवळचं आमचं स्लाऊ परक्या झेंड्याखाली लॉऱ्या बनवत बसू शकतं. हे सगळं चालतं. फक्त माझे बाबा लॉर्ड होऊ शकत नाहीत. ते 'रिअलिस्टिक' नाही.

हा खेळ आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्ही हसून घ्याल. मीही पुष्कळ हसले आहे. एक रविवार आड, दुपारी, कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत पाच पुरुष जमायचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन इंग्लंडात घुसले असते तर पुढे काय झालं असतं, ते फासे टाकून, नकाशावर टाचण्या हलवून आणि घसा बसेपर्यंत भांडून ठरवायचे. टेबलावर खरं नाव घ्यायचं नाही. ज्याचा जो किताब असेल त्याच किताबानं त्याला हाक मारायची. इतिहासाचे रिटायर्ड मास्तर होते ते ड्यूक, त्यांना 'युअर ग्रेस' म्हणायचं. बॉयलर दुरुस्त करणारा पन्नाशीचा माणूस अर्ल. एक व्हायकाउंट, जो फासे टाकण्यापलीकडे फारसं तोंड उघडत नसे. आणि सगळ्यांत म्हातारा तो बॅरन, म्हणजे सगळ्यांत खालच्या पायरीचा लॉर्ड. भिंतभर मोठा नकाशा त्यानंच हातानं काढला होता, म्हणून आमच्या घरात तो 'नकाशावाले काका'.

चौघे झाले. पाचवे माझे बाबा. त्यांना किताब नव्हता. ते सेक्रेटरी.

खेळात ते लंडनला कायदा शिकायला आलेले आणि युद्धात अडकलेले नागपूरचे एक तरुण गृहस्थ होते, पार्लमेंटबरोबर यॉर्कला गेलेले, तिथली कागदपत्रं सांभाळणारे. खेळाबाहेर ते खोलीची किल्ली आणत, खुर्च्या मांडत, गेल्या वेळी काय ठरलं ते टाइप करून सगळ्यांना पाठवत, आणि आईनं केलेल्या चिवड्याचा डबा मधोमध ठेवत. आई म्हणायची, "अहो, तिकडे जाऊन लोकांच्या खुर्च्या मांडता, इथे स्वतःचं ताट उचलवत नाही?"

"तिकडे लॉर्ड लोक असतात गं," बाबा म्हणायचे. "इथे कोण आहे?"

मी मात्र हाय स्ट्रीटवर टेबल लावून पत्रकं वाटते. वारशानं मिळणारे सगळे किताब रद्द करा, ही आमची मागणी. आमचा गट लहान आहे, आवाज मोठा आहे. माणूस कोणाच्या पोटी आला यावरून त्याला वाकून बोलायचं, ही गोष्ट मला सातवीत असल्यापासून सहन होत नाही. तेव्हा एका लॉर्डांच्या हस्ते बक्षीस घेताना बाईंनी आम्हाला हात कसा मिळवायचा याची दोन दिवस तालीम दिली होती. असो. माझं पहिलं पत्रक बाबांनी वाचलं ते चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून.

"हे चुकलंय."

"बाबा, तुम्हाला मत पटत नसेल तर..."

"मत राहू दे बाजूला. तू लिहिलंयस, अर्लचा धाकटा मुलगा लॉर्ड अमुक. अर्लच्या धाकट्या मुलाला लॉर्ड म्हणत नाहीत. तो नुसता ऑनरेबल. ड्यूकच्या आणि मार्क्विसच्या धाकट्या मुलांना लॉर्ड म्हणतात. अर्लच्या मुलींना मात्र लेडी."

"मुलींना? म्हणजे मुलींना जास्त मान?"

"हाक मारण्यापुरता. गादी मुलाकडेच जाते."

"म्हणजे आपल्याकडचंच," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबांनी पत्रक मला परत दिलं. "शिव्या घाल. पण बरोबर किताबाला घाल. नाहीतर ते लोक हसतील आणि तुझी शिवी फुकट जाईल."

त्यानंतर माझं प्रत्येक पत्रक आधी त्यांच्या हातून जायचं. किताब रद्द करा असं ओरडणारी पत्रकं किताबांवर जीव असलेला माणूस तपासून द्यायचा, आणि आम्हा दोघांनाही त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

मग बाबांची नोकरी गेली. कंपनीनं त्यांचं काम दुसऱ्या देशात हलवलं. मजा बघा, हलवलं ते पुण्यात. बाबा सत्तावन्न वर्षांचे. रोज सकाळी दाढी करून, शर्ट खोचून ते डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायचे. आई हॉस्पिटलच्या फार्मसीत जायची, मी युनियनच्या ऑफिसात. संध्याकाळी परत यावं तर बाबा तिथेच, शर्ट खोचलेला. मित्र असे बाबांना कधी नव्हतेच, ऑफिसातले लोक होते. ते ऑफिसबरोबर गेले. महाराष्ट्र मंडळात जाणं त्यांनी बंद केलं, कारण तिथे पहिला प्रश्न 'सध्या कुठे?' असा असतो. राहिला एक आडचा रविवार. त्या दिवशी ते वेगळे दिसायचे. ब्लेझर घालायचे. आई एकदा मला हळूच म्हणाली, "ते टेबल आहे म्हणून हा माणूस आहे. तू त्या लॉर्डांना काही म्हण, पण त्या टेबलाला हात लावू नकोस."

नकाशावाले काका आजारी पडले ते त्याच हिवाळ्यात. बाबा त्यांना भेटायला आठवड्यातून दोनदा जायचे. एकदा मी गाडीनं सोडायला गेले होते, तेव्हा ड्यूकही आलेले होते. काका नळ्यांमध्ये गुंडाळलेले, पण डोळे चालू. म्हणाले, "युअर ग्रेस, साक्षीदार राहा. मला मूलबाळ नाही. माझ्या सनदेत मी नेमलेला वारस लिहिलेला आहे. तो हा." आणि बोट बाबांकडे.

ही सनदेची भानगड सांगायला हवी. लॉर्डाचा किताब सहसा थोरल्या मुलाकडे जातो, मुलगा नसेल तर विझतो. दत्तक मुलाला तो मिळत नाही. पण राजानं सनद देतानाच खास अट घातली असेल, तर तो भावाकडे, मुलीकडे, असा वेगळ्या वाटेनं जाऊ शकतो. मोठ्या लढाया मारणाऱ्या पण मुलगा नसलेल्या सेनापतींना अशा सनदा खरोखर दिल्या गेल्या आहेत. बाबांनीच ती चाल खेळात आणली होती. कॅनडातल्या राजानं युद्धात लढणाऱ्यांना सनदा दिल्या, आणि अट अशी की ज्याला मूल नाही त्यानं वारस नेमावा. चौघांनी मान्य केलं होतं. तेव्हा कोणाच्याच मनात बाबा नव्हते. बाबांच्याही नाही.

ड्यूक काकांचा हात थोपटत म्हणाले, "नोंद घेतली." बाबा खिडकीकडे बघत राहिले. गाडीत मी म्हटलं, "अभिनंदन, माय लॉर्ड." ते म्हणाले, "गप गं." पण घरी येईपर्यंत त्यांनी रेडिओवरच्या गाण्यावर बोटांनी ताल धरला होता.

काका गेले. त्यांच्या पुतणीनं नकाशा घरी आणून दिला. तो तुम्हालाच द्यायचा असं काका सांगून गेले होते, म्हणाली. आम्ही तो गुंडाळी करून सोफ्याखाली सारला.

पुढच्या रविवारी बाबांनी ब्लेझरला स्वतः इस्त्री केली. चिवड्याबरोबर आईनं बेसनाचे लाडू दिले. मी दारात वाकून कुर्निसात केला, आई हसली, बाबा लाजले आणि नकाशा खांद्यावर टाकून बसनं गेले.

ते फार लवकर परत आले. लाडवांचा डबा भरलेलाच होता.

 जेवताना आईनं विचारलं, "झालं का राज्यारोहण?"

"त्यांचं म्हणणं पडलं की त्या काळात हिंदी माणूस असा लॉर्ड होणं शक्य नाही. रिअलिस्टिक नाही."

"कोणाचं म्हणणं?"

"अर्लचं. मग ड्यूकही म्हणाले, इतिहासाचा पोत बिघडतो."

मी घास खाली ठेवला. "जर्मन केंटमध्ये उतरले तेव्हा पोत बिघडला नाही?"

"मी तेच..." बाबा थांबले. "मी त्यांना सांगितलं, खऱ्या इतिहासात पहिल्या महायुद्धानंतर एका हिंदी माणसाला वारशानं चालणारा लॉर्डचा किताब दिलेला आहे. खरोखर झालेलं आहे ते. अर्ल म्हणाला, ती गोष्ट वेगळी." पाणी प्यायले. "त्यांनी दुसरा मार्ग सुचवला. नाइटहुड देतो म्हणाले. सर. तेव्हा हिंदी लोकांना ते द्यायचेच."

"आणि तो पुढे कोणाकडे जात नाही," मी म्हटलं. इतकं मलाही शिकवलं होतं त्यांनी.

"नाही. माणसाबरोबर संपतो."

"सर!" आई म्हणाली. "सर तर तुम्हाला दुकानातला पोरगाही म्हणतो, 'सर बाहेर उभे आहेत का' असं मला विचारतो. अहो, तुम्ही नागपूरचे ना? नागपूरची गादी अशीच गेली होती. दत्तक नामंजूर."

बाबा हसले. आईचं बोलणं त्यांना लागलं की ते असेच हसतात. मग म्हणाले, "मी विचार करून सांगतो म्हटलंय."

माझं टाळकं फिरलं ते अर्लमुळे नाही. अर्लसारखे मला हाय स्ट्रीटवर रोज भेटतात. बाबा विचार करून सांगणार होते, त्यानं फिरलं. ज्यांनी सगळं जगच नव्यानं बनवलं, हवं ते हवं तसं, त्यांनी त्या नव्या जगात एकच गोष्ट जुनी जपून ठेवली होती, बाबांची खुर्ची. आणि खरा इतिहास त्यांच्या कल्पनेपेक्षा उदार निघाला! मी हे सगळं आईला ऐकवलं. ती भांडी पुसत होती.

"बरोबर आहे तुझं. पण तू भांडून येशील आणि आडचा रविवार जाईल. मग सोमवार ते रविवार एकच दिवस होईल या घरात. ते बघायला तू नसतेस."

पुढच्या वेळी पाऊस होता. नकाशा भिजेल म्हणून मी बाबांना गाडीनं नेलं आणि आतही गेले. बाबा म्हणाले, "तू गाडीत बस." मी बसले नाही. खुर्च्या मांडायला मदत करते म्हटलं, आणि खरंच मांडल्या, पाच. काकांची खुर्चीही टेबलाला लावली. ड्यूकनी मला चहा विचारला. ते चांगले गृहस्थ आहेत. तीच तर अडचण आहे.

"मग," अर्ल बाबांना म्हणाला, "सर होणार ना? तलवार आणलीय मी, प्लॅस्टिकची."

व्हायकाउंट हसला. बाबाही हसले आणि नकाशाच्या कोपऱ्यांवर वजनं ठेवायला लागले.

मी म्हटलं, "काकांनी हॉस्पिटलमध्ये वारस नेमला. साक्षीदार इथे बसलेत. मग सर कशाला?"

अर्ल माझ्याकडे वळला. "तुम्ही त्याच ना? किताब रद्द करा वाल्या? हाय स्ट्रीटवर कागद दिला होता तुम्ही मला. आता बापासाठी किताब पाहिजे?"

चांगला हाणला होता, कबूल. "रद्द करायचे तर तुमच्यासकट सगळ्यांचे," मी म्हटलं. "यांना मिळूच शकत नाही म्हणून यांचा नको, असं रद्द करणं मला नको."

"हे बघा, खेळ आहे हा."

"खेळच आहे तर मग द्या की! काय जातं तुमचं?"

ड्यूकनी हात वर केला. मास्तरांची सवय. ते मला म्हणाले, अगदी शांतपणे, "तुमच्या वडिलांनी कधी मागितलंच नाही. इतकी वर्षं. एकदा जरी म्हणाले असते की मलाही किताब हवा, तर आम्ही सुरुवातीलाच काही जुळवलं असतं. आम्हाला वाटलं, त्यांना कागदपत्रंच आवडतात."

 ते खरं होतं. बाबांनी मागितलं नव्हतं. मंडळात ते गणपतीच्या खुर्च्या उचलायचे, सतरंज्या झाडायचे, तेही न मागता; आणि एका वर्षी सगळ्यांनी मिळून त्यांच्या हातात नारळ दिला, यंदा अध्यक्ष तुम्ही. आपल्यात असंच होतं. जो मागतो त्याच्याकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. बाबा या टेबलाशी बसून त्या नारळाची वाट बघत होते. आणि हे लोक वाट बघत होते की त्याला हवं असेल तर बोलेल. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. तरीही शेवटी जेव्हा म्हाताऱ्यानं मरता मरता नारळ पुढे केला, तेव्हा याच लोकांनी तो काढून घेतला. ते फसवणं नव्हे तर काय?

बाबांनी शेवटचं वजन ठेवलं. मग इंग्रजीत बोलले, हळू. तेच मी मराठीत लिहिते.

"युअर ग्रेस, मला किताब नको. खरंच नको. त्यांची जागा रिकामी राहू द्या. सरही नको. पण तुम्ही 'शक्य नाही' म्हणालात. तेवढं मागे घ्या. गेल्या वेळचं टाइप करताना मला ते लिहावं लागलं. माझ्या हातानं. तेवढं मागे घ्या म्हणजे मी पुसतो, आणि आपण खेळू."

 ड्यूकनी अर्लकडे बघितलं. अर्ल म्हणाला, "मी काही चूक बोललो नाही. मागे घेणार नाही. हवं तर मत घ्या." व्हायकाउंट फाशांकडे बघत म्हणाला, "मी अर्लबरोबर." ड्यूक नुसतं म्हणाले, "आपण थोडा वेळ जाऊ देऊ या." मास्तर लोक असंच म्हणतात, पोरं आपोआप गप्प होतात म्हणून.

बाबांनी एकेक वजन उचललं आणि नकाशा गुंडाळला, टाचण्यांसकट. खुर्च्या मात्र त्यांनी मांडलेल्याच ठेवल्या. माझ्या माहितीप्रमाणे, त्या माणसानं त्या खोलीत पहिल्यांदाच न आवरता पाय काढला.

गाडीत मी म्हटलं, "बाबा, एक नंबर!" ते म्हणाले, "वायपर लाव."

आईचंच खरं झालं. सोमवार ते रविवार एकच दिवस झाला. दाढी होत होती, शर्ट खोचला जात होता, लॅपटॉप उघडत होता. फक्त ब्लेझर कपाटात राहिला. मी त्यांना नॉटिंगहॅमच्या एका मोर्चाला चला म्हटलं, मंडळात चला म्हटलं. "बघू." मी रागावले की ते ऐकून घ्यायचे. पूर्वी ते रागावायचे तरी.

वसंतात एका शनिवारी बेल वाजली. दारात ड्यूक. मेडनहेडहून बसनं आले होते, हातात आईचा चिवड्याचा रिकामा डबा, आणि त्यात दुकानातली बिस्किटं भरलेली. रिकामा डबा परत देत नाहीत हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. बहुधा बाबांनीच, कधीतरी. त्यांनी बाबांना खऱ्या नावानं, मिस्टर लावून हाक मारली. ती ऐकून बाबा दचकले.

आईनं चहा केला. ड्यूक बसले ते नेमके त्या सोफ्यावर, ज्याखाली त्यांचं सगळं इंग्लंड गुंडाळून पडलं होतं. गुडघ्यांबद्दल बोलणं झालं. काकांच्या पुतणीबद्दल झालं. मग ते म्हणाले, "नकाशाशिवाय खेळता येत नाही आम्हाला. नवा काढून बघितला. जमत नाही."

"तो शब्द?" बाबांनी विचारलं.

"मी एकटा असतो तर कधीच मागे घेतला असता. पण अर्ल सोडून जाईल, त्याच्यामागून व्हायकाउंटही. मग तीनही राहणार नाहीत." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही या ना. तो विषयच काढायचा नाही. जसं होतं तसं."

आईनं बाबांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, जा. मीही त्या क्षणी, खोटं कशाला सांगू, मनात म्हटलं, जा बाबा. शब्दच तर आहे.

बाबा म्हणाले, "अजून चहा घेणार?"

ड्यूक दुसरा कप प्यायले आणि गेले. बाबा त्यांना बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर आई म्हणाली, "नकाशा तरी द्यायचा होतात. खेळले असते बिचारे."

"तो मला दिलाय," बाबा म्हणाले. "वारसा म्हणून एवढंच आलंय. तेही कसं देऊ?"

परवा आमचं नवं पत्रक छापून आलं. रविवार होता, आडचा. दुपारी मी गठ्ठा डायनिंग टेबलावर टाकला आणि म्हटलं, "बाबा, घड्या घालायला मदत कराल?" छापायच्या आधी मी ते त्यांना दाखवलं नव्हतं. चौथ्या ओळीत मी मुद्दाम लिहिलं होतं, अर्लचा धाकटा मुलगा लॉर्ड अमुक. जुनीच चूक, जशीच्या तशी. म्हटलं, ओरडतील. सगळा गठ्ठा फुकट गेला तर जाऊ दे.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. कागद नाकाशी धरला. चौथ्या ओळीवर त्यांचा अंगठा थांबला, मी बघितलं, चांगला थांबला.

मग त्यांनी कागदाची घडी घातली, नखानं दाबली, आणि पुढचा घेतला.